टर्बो डिझेल ट्रकचा एअर फिल्टर कसा निवडायचा : पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

पहिला ट्रक दारात आला की माणूस हप्त्याची तारीख, इन्शुरन्स, फिटनेस, टायरची नक्षी सगळं तोंडपाठ करतो. एअर फिल्टरबद्दल मात्र त्याला फारसं कोणी काही सांगत नाही. क्लीनर म्हणतो, "शेठ, फुंकून घेतला." दुकानदार म्हणतो, "सगळे हाच नेतात." विषय तिथेच मिटतो. दोन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, मिस्त्री हेड उतरवून लायनरवरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे, उभे ओरखडे दाखवतो, आणि तेव्हा कळतं की इतके दिवस इंजिन धूळ खात होतं.

मी बरीच वर्षं सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या गाड्यांची देखभाल बघतोय. हंगामात ऊस, उरलेल्या वर्षात साखर, सिमेंट, खडी. पाणंदीतला फुफाटा, क्रशरची पांढरी भुकटी आणि घाटातला धो-धो पाऊस या तिन्हींतून त्याच गाड्या जातात. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने सांगतो.

आधी हे गणित समजून घ्या

एक लिटर डिझेल वजनाला साधारण ८३० ग्रॅम भरतं. ते पुरतं जळायला कमीत कमी १२ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर १० हजार लिटर. डिझेल इंजिन एवढ्या नेमक्या हवेवर कधीच चालत नाही, ते जास्तीची हवा घेतंच. भरल्या गाडीला लिटरमागे १५ हजार लिटरच्या पुढे धरा.

जमशेदपूरला बनणारं ५.९ लिटरचं कमिन्सचं सहा सिलिंडरी इंजिन आपल्याकडच्या रस्त्यांवर खूप दिसतं. चढावर, पूर्ण लोडवर, अडीच हजार आरपीएमला असं टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) लावलेलं इंजिन मिनिटाला १२ हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली अडीच मिनिटांत रिकामी होईल एवढी. ही सगळी हवा ज्या एका कागदातून जाते तो कागद म्हणजे तुमचा एअर फिल्टर.

आपल्या रस्त्यावरच्या धुळीत मोठा वाटा सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच बारीक चुऱ्याचा असतो. काठिण्याच्या मोह मापनात तिचा नंबर ७, आणि साध्या सुरीच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. त्यामुळे ही धूळ पोलादालाही ओरखडते. डोळ्यांना दिसणारे मोठे कण तितके वाईट नसतात, वाईट असतात ५ ते २० मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तोही काही मायक्रॉनचाच. थरापेक्षा जरासा मोठा कण मध्ये अडकला की एका बाजूने रिंग घासतो आणि दुसऱ्या बाजूने लायनर.

टर्बोची गोष्ट वेगळी. त्याचं हवेच्या बाजूचं चाक अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि मिनिटाला ऐंशी हजार ते लाखभर फेऱ्यांनी फिरतं. त्या वेगात धुळीचा कण पात्याच्या कडेवर आपटतो तो सॅंडब्लास्टिंगसारखा.

फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेल्या टक्क्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ९९ काय आणि ९९.९ काय, दोन्ही चांगलेच वाटतात. पण फिल्टरच्या आयुष्यात अर्धा किलो धूळ त्याच्यावर येऊन आदळली असं धरा. ९९.९ टक्के अडवणाऱ्यातून अर्धा ग्रॅम आत जाईल, ९९ टक्केवाल्यातून ५ ग्रॅम. दहापट. एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ५०११ म्हणून ओळखली जाते. तिचा उल्लेख आणि टक्केवारी दोन्ही दिलेली असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. नुसतं "हाय एफिशियन्सी" छापायला काही लागत नाही.

फिल्टर घेताना पहिला प्रश्न "धूळ किती अडवतो" हाच ठेवा. "हवा किती सोडतो" हा दुसरा. टर्बो डिझेलची ताकद डिझेल किती पडतं त्यावर ठरते, आणि ते पंप किंवा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. कंपनीचा फिल्टर स्वच्छ आहे तोवर इंजिनाला हवेची टंचाई नसते, त्यामुळे जास्त मोकळा फिल्टर घालून पिकअप वाढेल ही आशा धरू नका.

गाडीची ओळख पटवा

दुकानात जाऊन "अमुक मॉडेलचा एअर फिल्टर द्या" एवढंच म्हणू नका. धुराच्या प्रदूषणाचे जे सरकारी नियम आहेत त्यांतल्या बीएस-४ मध्ये एकाच नावाची गाडी वेगळी असते आणि बीएस-६ मध्ये वेगळी. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या बदलात इंजिन, पाइपिंग, फिल्टरचा डबा यांतलं बरंच काही बदललं. जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक भानगड : आधीच्या मालकाने डबाच दुसरा बसवलेला असू शकतो.

म्हणून दोन गोष्टी बरोबर न्या. चॅसी नंबर आणि जुना फिल्टर. चॅसी नंबरवरून कंपनीच्या डीलरकडे नेमका पार्ट नंबर निघतो. तो एकदा निघाला की वहीत लिहून ठेवा. इतर चांगल्या कंपन्यांचे जोड नंबर त्यावरून मिळतात. पुण्याची फ्लीटगार्ड, फरीदाबादची एलोफिक, शिवाय डोनाल्डसन, मान-हुमेल यांचे कॅटलॉग दुकानदाराकडे असतात किंवा मोबाइलवर बघता येतात. डीलरकडचाच घ्या असा माझा हट्ट नाही. नंबराला नंबर जुळलेला, ओळखीच्या कंपनीचा घ्या, एवढाच हट्ट आहे.

जुना फिल्टर सोबत असला की उंची, बाहेरचा घेर, आतलं भोक आणि सीलचा प्रकार समोरासमोर ताडता येतो. टेप लावून बघा, लाजू नका. उंचीत चार-पाच मिलिमीटरचा फरकही पुरे असतो. झाकण लागतं, क्लिपा बसतात, पण आत सील दाबलं जात नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि धूळ शेजारून सरळ टर्बोकडे जाते.

बहुतेक ट्रकच्या डब्यात दोन फिल्टर असतात. बाहेरचा मोठा, कामाचा. त्याच्या पोटात एक सडपातळ, त्याला कोणी सेफ्टी म्हणतं, कोणी सेकंडरी, कोणी नुसतं "आतला". जुनी गाडी घेतली असेल तर तो आत आहे का हे आधी बघा. "हवा अडते" म्हणून काढून फेकलेला मी कितीतरी गाड्यांत पाहिला आहे. मोठा फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही तर टर्बोला वाचवणारा तोच शेवटचा पहारेकरी, आणि मोठा बदलत असताना पाइपात माती पडू न देणाराही तोच. जोडी पुरी करूनच पुढे जा.

गाडी कुठल्या धुळीत चालते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि दुकानदार तो विचारत नाही. तुम्हीच सांगायचा.

गाडी न्हावा शेवा ते बंगळूर अशी डांबरावरच पळणार असेल तर कंपनीने दिलेला साधा कागदी फिल्टर पुरतो. जास्त पैसे घालायचं काही कारण नाही.

उसाच्या गाडीचं तसं नाही. हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे पावसाचा शिडकावा नसलेले सगळे महिने. पाणंदीत घोटाभर फुफाटा असतो, पुढे एक ट्रॅक्टर चाललेला असतो आणि त्याच्या ढगात तुमची गाडी. या कामाला कागदावर अतिबारीक तंतूंचा थर दिलेला फिल्टर घ्यावा. दुकानात तो नॅनो म्हणून मिळतो. साधा कागद कोरा असताना थोडी बारीक धूळ आत सोडतो, मग त्याच्यावर धुळीचाच थर बसतो आणि तो थर पुढची धूळ अडवायला लागतो. नॅनोवाला पहिल्या दिवसापासून बारीक कण वरच्या वर धरतो. किंमत जास्त आहे, पण पाणंदीत आणि क्रशरवर ती वसूल होते.

खडी-क्रशर, चंद्रपूरकडची कोळशाची आणि सिमेंटची वाहतूक, खाणीतले टिपर हा तिसरा प्रकार. इथे नुसता फिल्टर चांगला घेऊन भागत नाही, त्याच्या आधी प्री-क्लीनर हवा. हवा आत शिरताना गोल गरगरते आणि जड कण भिंतीला लागून बाहेर पडतात, अशी त्याची रचना. वर भांड्यासारखी टोपी दिसते ती हीच. मोठी धूळ तिथेच गळाल्याने फिल्टर बराच जास्त टिकतो. प्री-क्लीनर मात्र इंजिनाच्या हवेच्या मापाचा आणि गाडीच्या कंपनीने मान्य केलेलाच लावा, मोठ्या इंजिनाला छोटा लावला तर तोच हवा अडवतो.

कागद, कापूस की तेलाची बादली

जुन्या गाड्यांत तेलाची बादली असायची. हवा तेलावर आपटून जाळीतून वर जायची आणि धूळ तेलात राहायची. खेड्यापाड्यांत लोकांना अजून तिची ओढ आहे, कारण ती धुऊन परत लावता येते. पण बारीक धुळीच्या बाबतीत ती कागदाच्या जवळपासही येत नाही, आणि गाडी कमी आरपीएमला चालताना तर तिची पकड आणखी ढिली पडते. टर्बो गाडीला कागदाचा डबा काढून बादली बसवून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

दुसरा मोह तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा. तरुण पोरं पिकअपला आणि छोट्या गाड्यांना ती लावतात. टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते म्हणून ताकद वाढल्यासारखं वाटतं. धुतली की पुन्हा वापरता येते हेही आकर्षण. माझं मत स्पष्ट आहे : माल ओढून पोट भरणाऱ्या गाडीला ही लावू नये. बारीक धूळ अडवण्यात चांगला कागद हिच्या पुढे आहे, धुऊन पुन्हा तेल लावायचं काम दर वेळी सारखं होत नाही, आणि तेल जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. ज्या गाडीत हा सेन्सर आहे तिथे त्याच्या तापलेल्या तारेवर किंवा पट्टीवर तेलाचा पापुद्रा धरला की मोजमाप चुकतं आणि चेक लाइट लागते. वॉरंटीतल्या गाडीला तर वाद विकत घेतल्यासारखंच.

राहिला कागद. त्यातही फरक आहे. साधा सेल्युलोजचा कागद रेझिन पाजलेला असतो, म्हणून दमट हवेत तो लगेच लुळा पडत नाही. त्यात कृत्रिम तंतू मिसळलेला कागद ओलाव्याला जास्त टिकतो. कोकणात, गोव्याकडे, घाटाखाली वर्षभर गाडी असेल तर असा मिश्र कागदाचा आहे का हे जरूर विचारा.

दुकानात हातात घेऊन बघा

खोकं उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. नकली माल सगळीकडे आहे आणि खोक्याची छपाई हल्ली अगदी हुबेहूब असते. होलोग्राम, क्यूआर कोड स्कॅन करून बघा, पण भिस्त हातावर आणि डोळ्यांवर ठेवा.

फिल्टर उजेडाकडे धरून घड्या बघा. सगळ्या एका अंतरावर, सरळ उभ्या हव्यात. चांगल्या फिल्टरच्या कागदावर बारीक उठाव किंवा गोंदाच्या रेघा असतात. घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या दिलेल्या असतात. नकलीत घड्या कमी असतात आणि त्या बोटाने सहज सरकतात. घड्या कमी म्हणजे कागद कमी, कागद कमी म्हणजे फिल्टर लवकर चोंदतो. असली आणि नकली शेजारी ठेवून मी एकदा घड्या मोजल्या होत्या. उंची, घेर सगळं तेच, आणि घड्या पाऊणच.

मग दोन्ही टोकांचं रबर. बोटाने दाबा. ते हलकं दबून लगेच परत वर यायला हवं. दगडासारखं टणक असेल तर डब्याला धरणार नाही, च्युइंगमसारखं चिकट असेल तर उन्हाळ्यात वितळून पाइपाला चिकटेल. कागद त्या रबरात सगळीकडून बुडालेला हवा. कुठे गोंद तुटलाय, फट दिसतेय, तर तो परत करा. शेवटी लोखंडी जाळी : ती गंजलेली, वाकलेली, टोक आत वळलेली नको. ते टोक कागदात रुततं.

बिल घ्या. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. इंजिनाचं काही झालं तर हाच कागद कामाला येतो.

बसवताना

सगळ्यात चांगला फिल्टर घेऊन तो चुकीचा बसवला तर पैसे पाण्यात. हे काम स्वतः एकदा करा, मग ड्रायव्हरला शिकवा.

फिल्टरचा डबा जोराच्या वाऱ्यात किंवा धुळीच्या अड्ड्यावर उघडू नका. डब्याचं झाकण बाहेरून पुसून मगच क्लिपा काढा. मोठा फिल्टर ओढताना झटका देऊ नका, हळूहळू कलता करून काढा. झटक्याने त्याच्यावरची धूळ सांडते आणि ती नेमकी स्वच्छ बाजूला जाते. आतला फिल्टर जागेवरच राहू द्या. डबा ओल्या फडक्याने पुसा, त्यात हवा मारू नका.

आता टॉर्च घेऊन जुन्या फिल्टरचं सील बघा. रबरावर डब्याच्या कडेचा ठसा पूर्ण गोल उमटलेला हवा. ठसा एखाद्या बाजूला पुसट असेल किंवा रबरावरून आतल्या बाजूला धुळीची रेघ गेली असेल, तर समजा तिथून गळती होती. नवा फिल्टर बसवण्याआधी डब्याची ती कड वाकलीय का बघा, नाहीतर नव्याचंही तेच होणार.

सील दोन तऱ्हेचं असतं. एकात फिल्टरचं टोक डब्याच्या तळाला दाबून बसतं आणि मध्ये नट आवळावा लागतो. दुसऱ्यात मऊ रबरी कॉलर पाइपावर चढते. या दुसऱ्या प्रकारात फिल्टर मधोमध दाबू नका, दोन्ही हातांनी बाहेरच्या कडेवर जोर देऊन तो सरळ आत सरकवा. झाकणाच्या क्लिपांनी ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. क्लिपा फक्त झाकण धरायला असतात. ग्रीस किंवा ऑइल सीलला लावू नका, त्याला धूळ चिकटते.

झाकणाच्या खालच्या बाजूला बदकाच्या चोचीसारखा एक रबरी तुकडा लोंबत असतो. त्याचं तोंड खाली यायला हवं. इंजिन चालू असताना तो मिटतो आणि बंद झाल्यावर साठलेली धूळ-पाणी खाली सोडतो. रोज सकाळी ड्रायव्हरने तो दोन बोटांनी दाबायचा. भरून धूळ पडली की काम चोख चाललंय. हा तुकडा फाटला किंवा पडला तर तेवढ्याच मापाचा नवा लावा. त्याची किंमत अगदी किरकोळ, पण तो नसेल तर रस्त्यावरची धूळ खालून थेट डब्यात ओढली जाते.

मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा सगळा होजपाइप हाताने चाचपा. वाकलेल्या जागी भेगा पडतात, क्लिप सैल झालेली असते. या पाइपातून शिरलेल्या धुळीला अडवणारं पुढे काहीच नाही.

फुंकायचा की नाही

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात महागात पाडलं ती सांगतो.

कारखान्याच्या गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात. तेवढ्या वेळात ड्रायव्हरने फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा, पंक्चरवाल्याच्या हवेने फुंकायचा, असा मीच नियम घालून दिला होता. दर आठवड्याला. काळजी घेतोय असं वाटायचं. पाडव्याच्या सुमारास त्यातली एक गाडी ऑइल खायला लागली. टर्बोचा पाइप काढला तर आतल्या चाकाची पाती कडेला झिजून उसाच्या कोयत्यासारखी पातळ झालेली. पाइपाच्या आत बोट फिरवलं, बोटावर पिठासारखी धूळ आली. फिल्टर बाहेरून धडधाकट होता. रात्री शेडमधला दिवा मालवून त्याच्या पोटात टॉर्च धरला तेव्हा एका घडीच्या टोकाशी सुईएवढा उजेड दिसला. मग दुसरा. मग खाली रबराजवळ बोटभर लांब चीर. इंजिनाचं काम लाखाच्या घरात गेलं. दोन-चार हजारांच्या फिल्टरचा खर्च वाचवत होतो.

ट्रकच्या टायरसाठीच्या कंप्रेसरची हवा सव्वाशे पीएसआयच्या आसपास असते. ज्या कंपन्या फिल्टर फुंकायला परवानगी देतात त्यांची मर्यादा सहसा ३० पीएसआयच्या आसपास, तीही आतून बाहेर, नोझल लांब धरून. बऱ्याच फिल्टर कंपन्या तर फुंकूच नका असंच सांगतात. कागदाची छिद्रं त्या माराने मोठी होतात, ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा थोडी धूळ स्वच्छ बाजूला जाणारच.

त्यामुळे माझ्याकडच्या गाड्यांत आता फिल्टर फुंकत नाहीत. लांबच्या रस्त्यात अगदीच नाइलाज झाला, नवा मिळत नाही, तर एकदा हलक्या हवेने, आणि लावण्याआधी अंधारात टॉर्च धरून. गावात परत आलं की तो बदलायचाच. आतला सेफ्टी फिल्टर तर कधीच फुंकायचा नाही. मोठा तीनदा बदलला की आतला एकदा, असा ढोबळ हिशेब बऱ्याच कंपन्या देतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

मग बदलायचा कधी?

काळा दिसला म्हणून नाही. मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा धूळ चांगली अडवतो, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. बदलायचा तो हवा अडायला लागली की. आणि ती किती अडतेय हे मोजायला गाडीतच साधन आहे.

फिल्टरच्या पुढच्या पाइपावर छोटी पारदर्शक कुपी असते, तो रिस्ट्रिक्शन इंडिकेटर. फिल्टर चोंदला की इंजिनाच्या ओढीने त्यातली पट्टी सरकते आणि लाल भागात जाऊन अडकते. इंजिन बंद केलं तरी ती तिथेच राहते, म्हणून चढावरून पूर्ण लोडने आल्यावर निवांत बघता येते. उभ्या गाडीला रेस देऊन बघितलं तर खरा आकडा येत नाही, लोड हवाच. ओढ पाण्याच्या इंचात मोजतात. टर्बो डिझेलला २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर किंवा ६.२ किलोपास्कल, ही बऱ्याच इंजिनांची वरची मर्यादा असते. काहींची कमी असते. त्यामुळे इंडिकेटर तुटला तर दुकानातला कुठलाही उचलू नका, जुन्यावरचा आकडा जुळवून घ्या. नव्या गाड्यांत कुपीऐवजी सेन्सर असतो आणि दिवा डॅशबोर्डवर लागतो.

लाल झाल्यावर दुर्लक्ष केलं तर आधी चढावर गाडी दमते, मग काळा धूर, मग अ‍ॅव्हरेज पडतं. बीएस-६ गाडीत काजळी धूर होऊन बाहेर न दिसता डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या गाळणीत, साठते, वारंवार जाळायला लागते आणि त्यात डिझेल जातं. टर्बोवरही ताण येतो, कारण पुढून ओढ वाढली की त्याच्या सीलमधून ऑइल हवेच्या बाजूला सुटायला लागतं.

पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा महिने हीदेखील मर्यादा आहे, इंडिकेटर लाल झाला नसला तरी. कागद आणि रबर म्हातारं होतंच. पण एक सावधगिरी : हंगामभर पाणंदीत चालूनही इंडिकेटर हललाच नाही तर खूश होऊ नका. एकतर कुपी बंद पडलीय, नाहीतर फिल्टर फाटून किंवा शेजारून हवा मोकळी जातेय. अशा वेळी ऑइल बदलताना थोडं ऑइल लॅबला द्या. अहवालात सिलिकॉनचा (धुळीतल्या सिलिकातून येणारा) आकडा मागच्यापेक्षा एकदम वर गेला आणि सोबत लोखंड, अ‍ॅल्युमिनियमही वाढलं, तर धूळ आत चाललीय आणि आतलं घासतंय.

पावसाचे महिने

ओला कागद फुगतो आणि हवा सोडत नाही. मे अखेरीस हवा ओढणाऱ्या उभ्या पाइपाची टोपी आणि तिच्या खालचा जोड बघून घ्या, ताडपत्रीची दोरी त्यावर आवळलेली नाही ना तेही बघा. गाडी धुणाऱ्याला प्रेशरचं पाणी त्या तोंडावर मारायचं नाही हे निक्षून सांगा. भिजलेला फिल्टर हीटरवर किंवा सायलेन्सरवर वाळवायला ठेवू नका, रेझिन आणि रबर दोन्ही जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाड्या दिवसेंदिवस रस्त्यावर अडकून पडल्या. अशा वेळी पाणी फिल्टरच्या डब्याच्या उंचीला लागलं असेल तर काहीही झालं तरी सेल्फ मारू नका. आधी डबा उघडा, दोन्ही फिल्टर काढा, पाइपात पाणी आहे का बघा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

नवा फिल्टर बसवला की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि खोक्याचा पार्ट नंबरवाला तुकडा कापून गाडीच्या कागदांत ठेवा. पहिली भरलेली फेरी झाली की टर्बोच्या तोंडाचा होज सोडवा आणि पांढरं कोरडं फडकं आतून एकदा फिरवा. त्यावर भुरकट रेघ आली तर सील पुन्हा बघायचं. फडकं पांढरंच राहिलं तर होजची क्लिप आवळा, इंडिकेटरचं बटण दाबून पट्टी खाली आणा आणि गाडी भरायला पाठवा.